सहपत्रे अकरा

शनिवार, ४ जानेवारी

जावयाने कंपनीतून मिळालेली डायरी मला दिली. कागद चांगला आहे, पण छापलेल्या तारखा उलट्या, आधी महिना मग दिवस. सांगलीच्या कलेक्टर कचेरीत चौतीस वर्षं मी दिवस-महिना-वर्ष लिहिलं. आता अमेरिकेत आलो म्हणून बदलणार नाही. माझी तारीख मीच वर लिहीत जाईन.

लिहायला सुरुवात करण्यासारखं आजच घडलं. माझ्या मुलीला, हिमानीला, लायसन्स बोर्डाचं पत्र आलं. तिच्या पुण्याच्या कॉलेजातल्या अभ्यासक्रमाचे तास इथल्या हिशेबाने कमी भरतात, सबब फिजिओथेरपीचं लायसन्स देता येत नाही. हे दुसऱ्यांदा. पुण्यात अकरा वर्षं हॉस्पिटलात काढलेली ही मुलगी इथे नाशुआत एका फिजिओथेरपी क्लिनिकच्या काउंटरवर बसून पाच वर्षं फोन उचलते आहे.

पत्र मीही वाचलं. मसुदा उत्तम होता. तीन परिच्छेद, नियमाचा स्पष्ट उल्लेख, शेवटी सभ्य शब्द. मी तसं बोलूनही दाखवलं. हिमानीने पत्राची चार घड्यांची घडी केली आणि ओट्याच्या खणात फडक्यांखाली ठेवली.

संध्याकाळी माझ्या खांद्याचा व्यायाम. उजवा खांदा आखडलाय म्हणून ही रोज अर्धा तास माझा छळ करते. रविवार नाही, दिवाळी नाही. आज जरा जास्तच जोर लावला.

रविवार, ५ जानेवारी

जेवताना जावयाने, यतीनने, विषय काढला. "बाबा, या सेशनला स्टेट हाउसमध्ये एक बिल आलंय. बाहेर शिकलेल्या थेरपिस्टनी एक वर्ष लायसन्सवाल्याच्या हाताखाली काम करायचं, मग फुल लायसन्स. हिच्या क्लिनिकचे ओनर हिला सुपरवाइज करायला तयार आहेत. पण ते पुढच्या वर्षाअखेर रिटायर होतायत. म्हणजे या वर्षी झालं तर झालं."

हिमानीने वाटी खाली ठेवली. "यतीन, प्लीज. आय अॅम डन. मला परत होप लावून घ्यायची नाहीये."

मी विचारलं, "आपला आमदार कोण?"

दोघंही हसली. हसण्यासारखं मला काही दिसलं नाही. यतीनने फोनवर शोधून दाखवलं. या न्यू हॅम्पशायर राज्याची लोकसंख्या सांगली जिल्ह्याच्या निम्मी, आणि खालच्या सभागृहात सदस्य किती, तर चारशे! आमच्या अख्ख्या जिल्ह्यात आठ आमदार, आणि त्या आठांतला एक भेटायला तीन महिने लागतात. आमच्या वॉर्डातल्या सदस्यांत एक बाई आहेत, थिबोडो आडनावाच्या. खाली त्यांच्या घरचा पत्ता आणि घरचा फोन छापला आहे. कोणीतरी चुकून टाकला असणार.

सोमवार, ६ जानेवारी

आमदाराकडे काम कसं न्यायचं हे मला शिकवायला नको. थेट जायचं नसतं. आधी पीए. पीए प्रसन्न तर पुढचं सगळं सोपं.

बरोबर साडेदहाला फोन लावला. दुसऱ्याच घंटीला एका बाईने उचलला, मागे कुत्रं भुंकत होतं. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, माननीय सदस्यांच्या पीएंना फोन द्यावा. तिने विचारलं, पीए म्हणजे? मी म्हटलं, स्टाफ, ऑफिस सांभाळणारी व्यक्ती. ती मोकळेपणी हसली. म्हणाली, "ऑफिस सांभाळणारी एकटी मीच. बोला."

एकटीवर सगळा भार! आवाजावरून साठीच्या पुढची असावी. नाव विचारलं नाही, बाईमाणसाला पहिल्याच फोनवर नाव विचारणं बरं दिसत नाही. पण बाई हुशार. मधे तोडलं नाही, मुलीचं शिक्षण किती, पत्रात नेमके कोणते शब्द आहेत, सगळं विचारून लिहून घेतलं. मी म्हटलं, हे माननीय सदस्यांच्या कानावर घालाल ना? ती म्हणाली, "कानावर पडलंच म्हणून समजा." आणि म्हणाली, थोडंसं लेखी द्या.

लेखी! हा शब्द ऐकून फार बरं वाटलं. या देशात दोन वर्षांत कोणी माझ्याकडे पहिल्यांदाच लेखी काही मागितलं.

गुरुवार, ९ जानेवारी

अर्ज तयार झाला. चार पानं इंग्रजीत, स्वच्छ समास सोडून. सहपत्रे अकरा. हिमानीची पदवी, गुणपत्रकं, अनुभवाचा दाखला, शाळेतल्या वक्तृत्वाचं प्रशस्तिपत्र, घराण्याची कल्पना यावी म्हणून माझ्या निवृत्तीचं प्रमाणपत्र. सगळ्या मूळ प्रती, कारण झेरॉक्सवर कोण विश्वास ठेवतं? हिमानीला विचारलं असतं तर तिने नाहीच म्हटलं असतं, म्हणून तिच्या खणातून आपले घेतले.

सहपत्रांचा रकाना ही अर्जाची अब्रू असते. जोडायचं काही नसेल तरी तिथे 'निरंक' लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. नव्या कारकुनाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे.

पत्ता चार गल्ल्या सोडून निघाला. लहानसं पिवळं घर, ना पाटी ना पोलीस. दारात रबरी बूट घातलेली एक उंच, पांढऱ्या केसांची बाई फावड्याने बर्फ उपसत होती. तोंड उघडल्यावर आवाज ओळखला. ती पीएबाईच! म्हणजे पीएला बर्फसुद्धा उपसायला लावतात. मला त्या थिबोडोबाईंचा रागच आला.

मी विचारलं, "मॅडम आहेत?" ती म्हणाली, "मी आहे ना. या आत, कॉफी घ्या." आपल्याकडचे पीएही हेच म्हणतात, मी आहे ना, बोला. पण मालकीण घरात नसताना आत जाऊन बसणं मला प्रशस्त वाटेना. अर्ज हातात दिला. चकलीचा डबा वेगळा दिला आणि मुद्दाम सांगितलं, हा तुम्हाला, वर पाठवायचा नाही.

निघताना राहवलं नाही. म्हटलं, बाई, तुम्ही एवढं राबता, नोकरीत कायम तरी केलंय का? ती फावड्यावर रेलून हसत सुटली, डोळे पुसले. म्हणाली, "दर दोन वर्षांनी लोक ठरवतात, ठेवायचं की नाही." कंत्राटी आहे बिचारी. मी तिला संघटना काढायचा सल्ला दिला.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

आज दोनदा मान खाली घालायची वेळ आली.

एक म्हणजे कागद. हिमानीला खण रिकामा दिसला. "बाबा, ओरिजिनल्स? तुम्ही माझे ओरिजिनल्स कोणाला दिलेत?" एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात दारात घंटी. पीएबाई स्वतः अकराही सहपत्रे परत द्यायला आल्या होत्या, बर्फातून, चालत. मूळ कागद कोणाला म्हणजे कोणालाही देऊ नका, त्यांनी प्रती काढून घेतल्या आहेत, असं त्या दारातूनच सांगत होत्या. मी तिळगुळाची वाटी आणायला आत वळलो, त्याही मागोमाग आल्या.

आणि दुसरं. मागे धप्पकन आवाज झाला. त्यांच्या ओल्या बुटांमुळे स्वयंपाकघराच्या पायरीवर पाय घसरला होता, गुडघा मुरगळून त्या पायरीवरच बसल्या होत्या. हिमानी धावत गेली, खाली वाकली, दोन्ही हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. चक्क पाठीमागे धरून उभी राहिली! दुरूनच प्रश्न विचारत बसली, पाय वळताना आवाज आला का, आत दुखतंय की बाहेर, आधी कधी झालं होतं का. मग यतीनला हाक मारून बर्फाची पिशवी आणवली, आणि बाईंना हळू आवाजात काहीतरी समजावून म्हणाली तुम्ही लगेच कोणाला तरी दाखवा.

पीएबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या.

त्या गेल्यावर मी हिमानीला बोललो. घरी आलेलं माणूस पडलं तर आधी हात द्यायचा, एवढंही वळण राहिलं नाही का? ती म्हणाली, "हो बाबा, चुकलं," आणि वर निघून गेली. आईच्या वळणावर जाईल असं वाटलं होतं. सीमा असती तर तिने बाईंचा पाय मांडीवर घेतला असता.

थिबोडोबाईंसाठी मी शाल आणि नारळ काढून ठेवला होता, तोही पीएबाईंच्या हाती दिला. शाल त्यांनी परत केली. सदस्यांना भेटी घ्यायला नियम आहेत, नारळाचं विचारून सांगते, म्हणाल्या. आणि अकरा फेब्रुवारीला कॉन्कॉर्डला, म्हणजे इथल्या राजधानीत, बिलावर सुनावणी आहे, या आणि बोला. मी म्हटलं, मी इथला मतदार नाही. त्यांनी विचारलं, "राहता कुठे?" म्हटलं, इथेच. "मग झालं की."

लंगडत गेल्या. यतीन गाडीने सोडून आला.

रविवार, २६ जानेवारी

बारा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही.

मी सुनावणीला बोलणार म्हणून भाषण लिहायला घेतलं, सहा पानं झाली. हिमानीने टेबलावर पाहिलं. शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही तिकडे हेच करायचात ना? लोकांचे पेपर्स परत पाठवायचात." मी म्हटलं, नियमाप्रमाणे पाठवायचो. ती म्हणाली, "हेही नियमाप्रमाणेच पाठवतात."

जेवण गेलं नाही. एक मुलगी आठवत राहिली. बहुतेक अठ्ठ्याण्णव साल, जूनचा शेवटचा आठवडा. जतकडची होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तलाठ्याचा शिक्का पुसट होता, मी शेरा मारला, 'त्रुटीची पूर्तता करून पुन्हा सादर करावे.' ती म्हणाली, साहेब, उद्या शेवटची तारीख आहे. मी म्हटलं, मग आजच जाऊन ये. जत काय जवळ आहे! ती रडली नाही, भांडली नाही. कागदाची चार घड्यांची घडी केली आणि पिशवीत ठेवली. परत आली नाही. तिचं नाव त्या कागदावर होतं, मला मात्र आठवत नाही.

खांद्याचा व्यायाम आज मी न कुरकुरता केला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पीएबाईंचा फोन. नारळ चालतो, विचारून घेतलं. नियम विचारून नारळ घेणारं ऑफिस मी जन्मात पाहिलं नव्हतं. पीए अशी, तर वरच्या बाई काय असतील! त्यांच्याविषयीचा माझा राग बराच निवळला आहे. गुडघा विचारला. फोटो काढलाय, आत काहीतरी फाटलंय, म्हणाल्या. हिमानीने तेव्हाच तसं म्हटलं होतं बहुतेक.

नारळ फोडायचा कसा, हे मी फोनवर वीस मिनिटं समजावलं. त्या म्हणाल्या, हातोडीने फोडीन.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज सविस्तर लिहितो. एकही गोष्ट विसरायची नाही.

यतीनने सुट्टी घेतली, आम्ही तिघं कॉन्कॉर्डला गेलो. हिमानी "मी फक्त बसणार" या अटीवर आली. मी कोट घातला, सहा पानं आतल्या खिशात. दारात कोणी अडवलं नाही, पास मागितला नाही. एक खोली, लांब टेबलामागे कमिटीचे सदस्य, समोर खुर्च्या. कोणीही यावं, कागदावर नाव लिहावं आणि बोलावं. प्रत्येक बिलाला अशी सुनावणी द्यावीच लागते म्हणे. मीही नाव लिहिलं.

पीएबाई काठी टेकत आल्या आणि माझ्याच शेजारी बसल्या. मी त्यांना हळूच विचारलं, मॅडम कधी येणार? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तेवढ्यात अध्यक्षांनी पुकारलं, "रिप्रेझेंटेटिव्ह थिबोडो." मी मान वळवून दाराकडे पाहू लागलो. आणि शेजारच्या खुर्चीतून पीएबाई उठल्या.

मला वाटलं, वरच्या बाई आजारी असतील, हिला पाठवलंय. पण तिने टेबलाशी बसून आपलं नाव सांगितलं. डोरिन थिबोडो, नाशुआ.

मी हिमानीकडे पाहिलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं? मग तुम्ही कोणाला फोन करत होतात?"

मी संघटना काढायला सांगितली होती. आमदाराला!

लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही, कारण ती बोलायला लागली. कागद नव्हता हातात. म्हणाली, "जानेवारीत मी एका घरी कागद परत द्यायला गेले आणि पायरीवरून पडले. एक बाई धावत आली. तिचे हात माझ्या गुडघ्यापासून एवढ्यावर होते." तिने दोन बोटांनी अंतर दाखवलं. "आणि तिने ते मागे घेतले. पाठीमागे धरून ठेवले. का, ते मी विचारलं नाही. मला कळलं. आपण तिला हात लावायची परवानगी दिलेली नाही. तिने चार प्रश्न विचारले आणि मला जे सांगितलं तेच माझ्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी फोटो बघून सांगितलं. माणसांना पुन्हा उभं करणारे ते हात आपण पाच वर्षं टेलिफोन उचलायला लावलेत."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी हिला वळण नाही म्हणालो होतो. त्या दिवशी तिने "चुकलं" म्हटलं होतं, आणि मी ते डायरीत लिहूनही ठेवलं.

माझं नाव पुकारलं. तीन मिनिटं. सहा पानं खिशातून काढलीच नाहीत. जे बोललो ते असं, जमेल तसं लिहितो: माझं नाव श्रीराम तांबवेकर. मी चौतीस वर्षं सरकारी कारकून होतो. मी पुष्कळ अर्ज परत पाठवले. प्रत्येक वेळी नियम बरोबर होता आणि माझी सहीही बरोबर होती. समोरच्या माणसाला काम येतं की नाही, हे विचारायचा रकाना माझ्या फॉर्मवर नव्हता. तुम्ही तो रकाना घालू शकता. मला घालता आला नाही. माझ्या मुलीला काम येतं. आभारी आहे.

दीड मिनिटातच संपलं. अध्यक्षांनी काही विचारायचं आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं, कोणी विचारलं नाही. मी परत येऊन बसलो तर हिमानीने माझा हात धरला. डावा नाही, उजवा, दुखरा. अगदी अलगद.

बाहेर आल्यावर मी थिबोडोबाईंची हात जोडून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्या नोकरीची काळजी करणारे तुम्ही पहिलेच." यतीनने गाडीत सांगितलं, या सदस्यांना वर्षाला शंभर डॉलर मिळतात. मी दोनदा विचारलं, शंभर हजार? नाही, शंभर. आणि ती बाई बर्फातून मूळ कागद परत द्यायला चालत आली होती. देवाने या म्हातारपणी मला कुठे आणून ठेवलंय!

गुरुवार, २० मार्च

सभागृहात बिल मंजूर. कॉम्प्युटरवर सगळं पाहता येतं. चारशे खुर्च्यांत थिबोडोबाई शोधल्या, सापडल्या नाहीत. आवाजी मतदान, कोणी विरोधात ओरडलं तेही ऐकलं. हिमानी कामावर होती. तिला फोन केला तर ती नेहमीच्या सवयीने क्लिनिकचं नाव सांगून "हाऊ कॅन आय हेल्प यू" म्हणाली. मी म्हटलं, हेल्प झाली. ती म्हणाली, "बाबा, अजून सिनेट आहे. पेढे आणू नका." आणून ठेवले होते.

शुक्रवार, ११ एप्रिल

खांदा पुष्कळ बरा आहे. आज पंख्याच्या साखळीपर्यंत हात गेला. हिमानी म्हणाली, "गुड," आणि तरीही अर्धा तास सोडलं नाही.

सिनेटमध्ये कोणीतरी हरकत घेतलीय. रुग्णांच्या जिवाशी खेळ होईल, म्हणे. थिबोडोबाई म्हणाल्या, आमच्या भागाच्या सिनेटरना लिहा, अर्धं पान, स्वतःच्या शब्दांत. सहपत्रं नकोत. मी इथल्या मराठी मंडळातल्या साठ जणांकडून एकाच मसुद्यावर सह्या घ्यायच्या तयारीत होतो, तेही त्यांनी नको म्हटलं. एकसारखी साठ पत्रं एकाच पत्रासारखी वाचली जातात म्हणे. आमच्याकडे गठ्ठा जेवढा जाड तेवढं वजन. इथली रीत निराळी आहे आणि मला वाटतं बरी आहे.

अर्धं पान लिहायला मला चार दिवस लागले. हिमानीने किती वेळात लिहिलं माहीत नाही. पण लिहिलं. मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

मंगळवार, ६ मे

सिनेटची सुनावणी. हिमानी म्हणाली, "बाबा, आज मी एकटी जाते." गाडी घेऊन गेली. मी घरात भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम सात वेळा केला. आजवर एकट्याने कधी केला नव्हता.

दोनला परतली. "बोलले," एवढंच. मग फ्रिज उघडून उभ्याउभ्याच दहीभात खाल्ला.

चारला थिबोडोबाईंचा फोन, खुशालीचा. म्हणाल्या, तुमची मुलगी अगदी थोडंच बोलली आणि हरकत घेणाऱ्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न नाही म्हणजे फाइल बाजूला ठेवली. माझा अनुभव तोच आहे. बाई मात्र खुशीत होत्या.

शुक्रवार, १८ जुलै

गव्हर्नरची सही झाली! मी चुकलो आणि चुकल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. पेढे वाटले, या वेळी कोणी अडवलं नाही. थिबोडोबाईंकडे डबा घेऊन गेलो. आता आत जाऊन बसतो, कॉफी घेतो. खिडकीत तो नारळ अजून तसाच आहे, फोडलेला नाही. म्हणाल्या, विचारून घेतलेला आहे, राहू दे.

घरी येऊन सीमाच्या फोटोसमोर उभा राहिलो. तिला सांगितलं, लेक तुझ्याच वळणावर गेली आहे, मलाच दिसलं नव्हतं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

बोर्डाचं पत्र गेल्या मंगळवारी आलं. हिमानीने ते घडी न घालता फ्रिजवर लावलंय. आज तिचा पहिला दिवस.

मीही गेलो. काउंटरवर नवी मुलगी होती. म्हातारे मालक खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर, नियमाप्रमाणे देखरेखीला. आणि पहिली रुग्ण कोण, तर थिबोडोबाई. त्यांना केव्हाच दुसऱ्या कोणाकडे जाता आलं असतं, पण बाई हट्टी, थांबून राहिल्या. मला आत बोलावलं. "या, एक साक्षीदार असू द्या."

हिमानीने हात धुतले, पुसले. खाली बसली. क्षणभर तिचे हात तसेच राहिले, गुडघ्यापासून दोन बोटांवर. मग तिने ते ठेवले. "इथे दुखतं?" तिने विचारलं. डोरिनबाईंनी नुसती मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

संध्याकाळी मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो, कोपर वर करून, रोजच्यासारखा. हिमानी चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आजपासून तुम्हाला सुट्टी. खांदा एप्रिलमध्येच बरा झाला होता."

मी म्हटलं, मग मे, जून, जुलै, ऑगस्ट कशाला छळलंस?

ती खाली बघून म्हणाली, "ते तुमच्यासाठी नव्हतं."

मी उजवा हात पुढे केला. म्हटलं, तरी कर. तिने केला, पूर्ण अर्धा तास. मी रडत होतो आणि तिने ते दुखतंय म्हणून आहे असं दाखवलं.

आत्ता पत्र लिहिलं. इथे नक्कल ठेवतो.

प्रिय डोरिनबाई, आमचं काम झालं. तुमचे उपकार कोणत्या शब्दांत लिहावेत हे चौतीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नाही. जतकडच्या एका मुलीचेही आभार मानायचे आहेत, पण तिचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तेही तुम्हालाच पाठवतो. उद्या सकाळी चकल्या घेऊन येतो.

आपला, श्रीराम तांबवेकर.

सहपत्रे : निरंक.